कॉन्टेसासाठी ॲल्युमिनियमचा रेडिएटर : दोन घेतले, एक ठेवला

आमच्याकडे बाबांची कॉन्टेसा क्लासिक आहे, १९९४ ची, १.८ इसुझु पेट्रोल इंजिन, एसी सकट, आणि गेली काही वर्षं तिचं एकच दुखणं होतं, गरम होणं. गोव्यात डिचोलीहून निघायचं, म्हापशापर्यंत तापमानाचा काटा अगदी मध्ये, आणि पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये शिरलो की दहा मिनिटांत काटा चढायला लागायचा, मग एसी बंद, काचा खाली, हीटर चालू (हो, मे महिन्यात हीटर, कारण तेवढीच गरमी इंजिनातून बाहेर जाते) आणि बाबा शेजारी बसून सारखे डॅशबोर्डकडे बघणार. त्यांना ही गाडी मनापासून आवडते, ते आता ७४ चे आहेत, आणि त्यांना घेऊन कुठे जायचं तर याच गाडीतून असं मी ठरवलंय. म्हणून रेडिएटरचा हा विषय मी दोन वर्षं चिकाटीने धरला आणि त्यात जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय, कारण कॉन्टेसा, ॲम्बेसेडर किंवा कुठलीही जुनी गाडी जपणाऱ्या माणसाला मराठीत ही माहिती एका जागी मिळत नाही.

आधी गाडीबद्दल थोडं. कॉन्टेसाला लोक देशी मसल कार म्हणतात, लांब बॉनेट, रियर व्हील ड्राइव्ह, रुंद तोंड, दिसायला तशीच आहे. मुळात ती ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची गाडी, हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये इथे आणली, सुरुवातीला ॲम्बेसेडरचंच १.५ लिटरचं इंजिन होतं, ते एवढ्या मोठ्या गाडीला पुरत नव्हतं, मग इसुझुचं १८१७ सीसी आलं आणि गाडीत जीव आला. २००२ पर्यंत बनली. अमेरिकेतल्या खऱ्या मसल कार म्हणजे १९६४ ची पॉन्टियाक जीटीओ वगैरे, तिच्यात ३८९ क्युबिक इंचाचं म्हणजे जवळजवळ साडेसहा लिटरचं व्ही-८, तिची गोष्ट वेगळी. पण रेडिएटरच्या बाबतीत एक मोठा फरक आहे जो आपल्याला नडतो. मस्टँग किंवा कॅमॅरो असेल तर तिथे वर्ष आणि मॉडेल सांगितलं की त्याच मापाचा, त्याच भोकांचा, ॲल्युमिनियमचा रेडिएटर तयार खोक्यात मिळतो, जुना काढा, नवा बसवा. कॉन्टेसासाठी मला तसा कुठेच मिळाला नाही. इथे एकतर जुना पितळी दुरुस्त करायचा, नाहीतर ‘युनिव्हर्सल’ नावाचा, म्हणजे कुठल्याही गाडीला बसेल असा म्हणून विकतात तो घ्यायचा, नाहीतर बनवून घ्यायचा. मी तिन्ही वाटा बघितल्या.

आमचे मेस्त, म्हणजे मेकॅनिक, म्हाताऱ्या गाड्यांवरच वाढलेले. मी त्यांना पहिल्याच दिवशी म्हटलं की ॲल्युमिनियमचा रेडिएटर टाकायचाय, तर ते बॉनेट उघडून म्हणाले, “आदीं फॅन पळय, मागीर रेडिएटर.” (आधी फॅन बघ, मग रेडिएटर.) तेव्हा मला ते टाळतायत असं वाटलं, पण त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं आणि ते मी पुढे सांगतोच. त्यांनी विचारलेला प्रश्न सगळ्यांनी स्वतःला विचारावा असा आहे : गाडी उभी असताना गरम होते की पळताना? उभ्या गाडीत, सिग्नलला, फेरीबोटीच्या रांगेत गरम होत असेल आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येत असेल तर दोष बहुतेक हवेचा, म्हणजे फॅन, फॅनचा क्लच, फॅनभोवतीचा श्राउड (पत्र्याचा डबा). उलट गाडी पळताना किंवा घाट चढताना गरम होत असेल तर पाण्याचा प्रवाह नाहीतर रेडिएटरची ताकद कमी पडतेय, म्हणजे नळ्या चोंदलेल्या, वॉटर पंप झिजलेला, किंवा खालचा होज पाइप मऊ पडून पंपाच्या ओढीने आत चिकटतोय. आमच्या गाडीत दोन्ही होतं. पर्वरीतही गरम, चोर्ला घाटातही गरम.

मग मी एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला, पिस्तुलासारखा असतो तो, हजार दीड हजारात येतो, आणि या सगळ्या खर्चात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच. इंजिन पूर्ण तापल्यावर रेडिएटरच्या जाळीवर चौकोन चौकोन करून माप घेत गेलो. चांगल्या रेडिएटरमध्ये वरून खाली तापमान हळूहळू उतरत जातं. आमच्यात खालचा डाव्या हाताचा जवळजवळ एक तृतीयांश भाग थंडगार, म्हणजे त्या नळ्यांतून पाणीच जात नव्हतं. कारणही घरातच होतं, बाबा वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतत आले, कूलंट (पाण्यात मिसळायचं गंज रोखणारं द्रव) म्हणजे फालतू खर्च असं त्या काळी सगळेच मानायचे, आणि त्या पाण्यातले क्षार आणि इंजिनाच्या लोखंडाचा गंज मिळून खाली चिखल बसलेला.

पहिली वाट, जुना पितळी. रेडिएटरवाल्याने टाक्या उकलून नळ्यांत पट्टी घालून साफ करायची तयारी दाखवली, पण उघडल्यावर नळ्या इतक्या पातळ झालेल्या की पट्टी घातली तर फुटतील. नवीन कोर, म्हणजे नळ्या आणि पंखांची जाळी, टाकून द्यायचे त्याने ९,००० सांगितले. ही वाट वाईट मुळीच नाही. लोक म्हणतात ॲल्युमिनियम उष्णता जास्त वाहून नेतं, ते खरं नाही, तांबं ॲल्युमिनियमपेक्षा खूपच पुढे आहे. पण जुन्या रेडिएटरमध्ये फक्त पंख (नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या) तांब्याचे असतात, नळ्या पितळेच्या, आणि पंख नळीला शिशाच्या झाळीने जोडलेले, आणि पितळ काय नि झाळ काय, उष्णता वाहून न्यायला दोन्ही तांब्याच्या पुष्कळ मागे. शिवाय पितळी नळी जास्त रुंद केली तर दाबाने फुगते, म्हणून ती साधारण अर्ध्या इंचाचीच ठेवतात आणि तीन तीन चार चार ओळी लावतात. ॲल्युमिनियमची नळी एक इंच किंवा सव्वा इंच रुंद करता येते, तिला पंखांचा सलग स्पर्श जास्त मिळतो आणि पंख भट्टीत ब्रेझ करून, म्हणजे धातूच्याच जोडाने, एकजीव झालेले असतात. ॲल्युमिनियमचा खरा फायदा हा आहे. म्हणून एक इंच नळीच्या दोन ओळी अर्ध्या इंचाच्या चार ओळींना भारी पडतात, आणि जाडी कमी असल्यामुळे हवासुद्धा सहज आरपार जाते. ही गोष्ट काही नवीन नाही, अमेरिकेत कॉर्वेटला १९६० च्या दशकातच कंपनीतून ॲल्युमिनियमचा रेडिएटर यायचा.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी ऑनलाइन १४,५०० ला एक युनिव्हर्सल ॲल्युमिनियम रेडिएटर मागवला, विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘३ रो’ लिहिलेलं, चकाचक पॉलिश, फोटोत इतका सुंदर की मला वाटलं झालं काम. आल्यावर कॅप उघडून आत टॉर्च मारला तर नळ्या जेमतेम १६ एमएमच्या, म्हणजे तीन ओळी धरूनसुद्धा रुंदीची बेरीज एक इंचाच्या दोन ओळींपेक्षा कमी. आणि नळी जिथे हेडर प्लेटमध्ये (टाकीच्या कडेच्या पत्र्यात) शिरते तिथे करड्या रंगाचा डिंकासारखा थर. ते इपॉक्सी. चांगल्या रेडिएटरमध्ये हा जोड भट्टीतच ब्रेझ होतो, स्वच्छ चंदेरी दिसतो, तिथे कसलाही गोंद लागत नाही. इपॉक्सी दिसली की माझ्या मते ती वस्तू तशीच परत पाठवावी. मी पाठवली नाही, कारण चवथ (गणेशचतुर्थी) आठवड्यावर आलेली आणि गाडी चालू हवी होती.

बसवताना आणखी तीन अडचणी. होजच्या तोंडांचं माप वेगळं म्हणून मध्ये रिड्यूसर (माप जुळवणारे तुकडे) घालावे लागले, म्हणजे चार जोडांचे आठ जोड झाले. पट्ट्या जुळेनात म्हणून एल अँगल कापून बोल्टने थेट चॅसिसच्या पुढच्या सपोर्टला आवळला, मध्ये रबर नाही. आणि एसीचा पुढचा इलेक्ट्रिक फॅन त्या प्लॅस्टिकच्या बंदांनी जाळीतून आरपार ओवून बांधला, किटमध्ये तेच आले होते. यातल्या दोन गोष्टी तर माझ्याच हातून झाल्या, तेव्हा दोष सगळा विकणाऱ्यावर टाकणार नाही. रबराशिवाय आवळलेला रेडिएटर खड्ड्यात गाडीबरोबर पिळवटतो, पितळ थोडं लवचिक असल्यामुळे सहन करतं, ॲल्युमिनियमची टाकी कोपऱ्यात तडकते. आणि ते बंद थरथरून थरथरून नळीलाच घासतात.

चार महिने चालला. मग बेळगावला लग्नाला निघालो, आई बाबा मागे, साखळीहून केरी, आणि अंजुणे धरणाच्या वरच्या वळणांवर अचानक गोडसर वास आला. कूलंटचा तो वास एकदा ओळखला की विसरत नाही. काटा वर जायच्या आत थांबलो हे नशीब. बॉनेट उघडलं तर वरच्या कोपऱ्यातून, बरोबर इपॉक्सीच्या जोडातून, पिचकारी. पितळी असता तर साखळीत कोणीही झाळ मारून दिली असती, ॲल्युमिनियमला रस्त्यावर काही करता येत नाही, दोन भाग मळून लावायची पुटी जवळ असेल तर तेवढंच, आणि आता ती माझ्या डिकीत कायम असते. अर्धा तास गाडी थंड होऊ दिली (कॅप गरम असताना कधीही उघडू नका, दाबाखालचं पाणी उसळून हात तोंड भाजतं), मग कॅप ढिली ठेवून, दाब बनू न देता, पाणी घालत घालत उतारावर केरीपर्यंत आलो. लग्न चुकलं. विकणाऱ्याला फोन केला तर फिटिंग केलेल्या मालाला रिटर्न नाही म्हणून सांगितलं, तेही गाडीवर न बसवता जोड कसा तपासायचा ते न सांगता.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो दुसरा रेडिएटर. कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करतात, मुख्य काम त्यांचं कारखान्यांच्या टाक्यांचं, बोटींच्या इंजिनाचे कूलर वगैरे, गाड्यांचं काम वर्षातून थोडंच. डिचोलीहून आमोणेच्या पुलावरून माशेल करून गेलो, जुना पितळी आणि फुटलेला दोन्ही डिकीत घालून. तिथले काका मूळचे बेळगावकडचे, साठीचे असतील, त्यांनी दोन्ही रेडिएटर बाजूला ठेवले आणि म्हणाले, “हे राहू द्या दादा, आधी गाडी आत घ्या, मला तोंड मोजायचंय.” तिथेच मला माणूस पटला. युनिव्हर्सलवाल्याने मला फक्त लांबी रुंदी विचारली होती. या काकांनी पाऊण तास घेऊन काय काय मोजलं बघा : सपोर्टच्या भोकांची अंतरं, बॉनेट बंद केल्यावर कॅपच्या वर किती जागा उरते, होजचा कोन, पुढे एसीच्या कंडेन्सरपासूनचं (एसीची गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीपासूनचं) अंतर, आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॅनच्या पात्यापासून जाळीपर्यंतचं अंतर, तेसुद्धा इंजिन हाताने पुढे ढकलून. कारण जोरात ब्रेक मारला की इंजिन माउंटिंगवर पुढे सरकतं आणि पातं जाळीत घुसू शकतं. निदान एक इंच मोकळी जागा हवीच म्हणाले. त्यावरून जाडी ठरली. मी जाड तीन ओळींचा मागत होतो, त्यांनी नको म्हणून सांगितलं, जागाही नाही आणि मागच्या ओळीला पुढच्या दोन ओळींनी तापवलेलीच हवा मिळते, फॅनला ओढायलाही जड.

ठरलं ते असं. ब्रेझ केलेला तयार कोर, २६ एमएम नळीच्या दोन ओळी, तो त्यांनी बाहेरून मागवला. टाक्या ३ एमएम पत्र्याच्या, त्यांनी स्वतः वाकवून टिगने जोडलेल्या, आमच्या गाडीत होत्या तशाच एक वर एक खाली. होजची तोंडं माझ्या जुन्या होजच्याच मापाची, टोकाला उंचवटा काढलेला म्हणजे क्लिप आवळल्यावर पाइप निसटत नाही. पंखांच्या घनतेवर आमची थोडी चर्चा झाली. जास्त दाट पंख कागदावर जास्त गरमी टाकतात, पण डिचोली, साखळी, उसगाव या बाजूला राहणाऱ्याला लाल मातीचा धुरळा काय असतो ते सांगायला नको, दाट जाळीत तो अडकला की निघत नाही, म्हणून इंचाला १४ पंखांवर थांबलो. बसवायला वर खाली रबरी बुश, रेडिएटर रबरात नुसता बसतो, कुठेही थेट आवळलेला नाही. एसीचा फॅन टाकीच्या कडेला वेल्ड केलेल्या कानांवर, जाळीतून काहीही ओवलेलं नाही. तयार झाल्यावर तोंडं बंद करून १५ पीएसआय (दाबाचं माप) हवा भरून माझ्यासमोर हौदात बुडवला, दहा मिनिटं, एक बुडबुडा नाही. दोन्ही रेडिएटर घरी रिकामे वजन करून बघितले, जुना पितळी ११ किलो, हा ५.८.

किंमत २४,००० रेडिएटरची आणि ३,००० श्राउडचे. स्वस्त नाही. आणि वेळेच्या बाबतीत मी खूश नाही, तीन आठवडे सांगून साडेसात आठवडे लागले, कोर यायला उशीर झाला ते समजू शकतो पण दर वेळी मी फोन केल्यावरच कळायचं, त्यांचा स्वतःहून एकही फोन आला नाही. ज्यांची गाडी रोजची आहे त्यांनी हे लक्षात ठेवून जुना रेडिएटर गाडीवर असतानाच ऑर्डर द्यावी. वेल्डिंग मात्र इतकं सुबक आहे, एकावर एक नाणी रचल्यासारखं, की मला त्यावर काळा रंग मारताना वाईट वाटलं. काळा मारला तो जुन्या गाडीत चकाकतं तोंड शोभत नाही म्हणून, पण जाळीवर अगदी पातळ फवारा, जाड रंग पंखांवर रजईसारखा बसतो.

आता श्राउडबद्दल. श्राउड म्हणजे फॅनभोवतीचा तो पत्र्याचा डबा, ज्यामुळे फॅन पूर्ण जाळीतून हवा ओढतो, नाहीतर तो फक्त आपल्या समोरच्या गोल भागातूनच ओढतो आणि कडेने इंजिनाचीच गरम हवा परत फिरवतो. आमच्या गाडीचा मूळचा कधीतरी कोणीतरी काढून टाकलेला, बहुतेक बेल्ट बदलायला आड येतो म्हणून. श्राउड बनायला रेडिएटरपेक्षा आठवडा जास्त लागला, त्यामुळे मला आयतीच तुलना करता आली. नवा रेडिएटर, श्राउड नाही, दुपारी दोन वाजता, एसी चालू, गाडी जागेवर उभी : वीस मिनिटांत थर्मोस्टॅटच्या डब्यावर १०१ डिग्री आणि अजून चढत होतं. तोच रेडिएटर, श्राउड लावून, तीच वेळ : ९३ वर येऊन थांबलं, अर्धा तास हललं नाही. जुन्या पितळीवर हाच आकडा १०४ ला मी इंजिन बंद केलेलं. म्हणजे उभ्या गाडीत २४ हजारांच्या रेडिएटरने जे केलं त्यापेक्षा ३ हजारांच्या पत्र्याने जास्त केलं. मेस्तांचं ते पहिलं वाक्य मला तेव्हा परत आठवलं आणि मी त्यांना जाऊन सांगितलंही. पात्याची अर्धी रुंदी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर, आणि पात्याच्या टोकाभोवती साधारण इंचभर फट, एवढं जमवलं की झालं.

घाटात मात्र रेडिएटरचं श्रेय रेडिएटरलाच. चोर्ला आता पाच सहा वेळा चढलोय, एसी चालू ठेवून, चार माणसं, कमाल ९६ दिसलं. अनमोड घाटात पुढे ट्रक, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत, तिथे ९७. पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे झालेल्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकूनसुद्धा काटा मध्येच. बाबा आता डॅशबोर्डकडे बघत नाहीत, बाहेर बघतात. आपल्या दमट हवेचाही एक भाग आहे बरं का, रेडिएटरला दमटपणाने फारसा फरक पडत नाही पण एसीला पडतो, हवेतलं पाणी वेगळं करायला त्याला जादा राबावं लागतं आणि ती सगळी गरमी कंडेन्सरमधून थेट रेडिएटरच्या तोंडावर येते. म्हणून एसीवाल्या गाडीसाठी रेडिएटर निवडताना नेहमी एसी चालू धरूनच विचार करावा.

कूलंटवर न बोलता हा रिव्ह्यू पुरा होणार नाही. ॲल्युमिनियम घेऊन त्यात नळाचं किंवा विहिरीचं पाणी घालणार असाल तर कृपा करून घेऊ नका, पितळीच बरा. पाण्यातलं क्लोराइड ॲल्युमिनियमला भोकं पाडतं, आतून, दिसतही नाही. मी इथिलिन ग्लायकॉलचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं अर्धं घालतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही मग कशाला, असं मला दोघा तिघांनी विचारलं, तर गंज न लागणं आणि उकळबिंदू वाढणं यासाठी. हिरवं नेहमीचं असेल तर दोन वर्षांनी बदला, आणि वेगवेगळ्या जातीची एकमेकांत मिसळू नका, रंगावर भरवसा ठेवू नका, डब्यावरचं वाचा. भरायच्या आधी इंजिन साध्या पाण्याने दोन तीनदा धुवून काढा, नाहीतर जुना गंज सगळा नव्या नळ्यांत येऊन बसतो. आमच्या ब्लॉकमधून लाल चिखलासारखं पाणी निघत होतं, चौथ्या खेपेला स्वच्छ आलं.

आणि विजेची गोष्ट, जी मला कुठल्याच दुकानात कोणी सांगितली नाही, काकांनी सांगितली. जुन्या गाडीत अर्थिंग खराब असलं की करंट परत जायला कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियम काही महिन्यांत चाळणी होतं. तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो : काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल वायर कॅप काढून कूलंटमध्ये, टाकीला न टेकवता, गाडी थंड असताना. एकेक करून दिवे, फॅन, एसी चालू करत जायचं, स्टार्टर मारूनही बघायचं. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.३ च्या वर गेलं तर कुठेतरी अर्थिंग बिघडलंय. आमच्यात फॅन चालू केला की ०.४५ दिसायचं, कारण फॅनची अर्थ वायर रेडिएटरच्या पट्टीलाच जोडलेली. ती काढून थेट बॅटरीवर नेली, इंजिन ते बॉडी नवी जाड अर्थ पट्टी टाकली, आता ०.०४. पहिला रेडिएटर फुटायला हेही एक कारण असू शकतं.

कॅपचं थोडक्यात. दर १ पीएसआयला पाण्याचा उकळबिंदू साधारण दीड डिग्री वर जातो, त्यामुळे चांगली कॅप हवीच, पण उत्साहात जास्त दाबाची लावली तर तीस वर्षांचे होज आणि हीटरची जाळी फुटते. मी १३ पीएसआयची लावली आणि सगळे होज नवे घेतले. कॅपसोबत ओव्हरफ्लोची बाटली जोडलेली असावी, गाडी थंड झाली की तिच्यातलं पाणी परत आत ओढलं जातं.

दोन पावसाळे झाले. बाहेरून काही ठिकाणी पंखांवर पांढरट पूड आलीय, समुद्राच्या खाऱ्या हवेची, आम्ही डिचोलीत आहोत म्हणून कमी, कळंगुट किंवा मिरामारला राहणाऱ्याला जास्त येईल, दर महिन्याला गोड्या पाण्याने मागून पुढे हलक्या धारेने धुवायचं, प्रेशर वॉशर लावायचा नाही, पंख आडवे होतात. गळती नाही, जोडांवर डाग नाही, कूलंट अजून स्वच्छ.

कोणी घ्यावा? गाडी मूळ स्थितीत असेल, एसी नसेल, लांब घाट चढायचे नसतील तर माझं मत आहे की जुना पितळीच नव्या कोरने भरून घ्या, श्राउड आणि फॅन नीट करा, कोर आणि श्राउड मिळून १२ हजारांच्या आसपास काम होतं आणि रस्त्यात बिघडला तर कुठेही झाळ मिळते. फक्त चांगली झाळ मारणारे हात कमी होत चाललेत, आमच्या भागात एकच म्हातारे उरलेत आणि त्यांचा मुलगा आता एसीचं काम करतो. एसी असेल, घाट असतील, किंवा कोणी १.५ वाल्या गाडीत मोठं इंजिन टाकलं असेल तर ॲल्युमिनियम घ्या, पण मापाचा बनवून. युनिव्हर्सल मी कोणालाच सांगणार नाही. ॲम्बेसेडर १८०० आयएसझेडवाल्यांनाही हेच, इंजिन तेच आहे, पण तोंड वेगळं, त्यामुळे माझ्या गाडीची मापं मागू नका, गाडी घेऊनच जा.

एक दोष राहिलाय. खालचा ड्रेन कॉक (कूलंट काढायची तोटी) नेमका क्रॉसमेंबरच्या, म्हणजे गाडीखालच्या आडव्या दांड्याच्या, वर आलाय, त्याला हात पोचत नाही, कूलंट काढायचं तर खालचा होजच सोडावा लागतो आणि अर्धं अंगावर येतं. काकांना सांगितलं तर म्हणाले गाडी घेऊन या, कॉक बाजूला घेऊन देतो, पैसे नकोत. चवथीच्या आधी कूलंट बदलायचंच आहे, तेव्हाच ते करून घेणार, आणि या वेळी तारीख फोनवर पक्की करूनच रेडिएटर काढणार.